थोरलीचा चेहरा

कोटाला हातानं काज करणारी बाई त्या अख्ख्या रस्त्यावर एकच होती. दुकान शिंपीमास्तरांचं, पण जाणकार गिऱ्हाईक कोट हातात आला की आधी काजं बघायचं आणि मगच मास्तरांच्या शिलाईकडे वळायचं. ती काजं करायची थोरली. खिडकीपाशी लाकडी स्टुलावर बसून बत्तीस वर्षं तिनं हेच काम केलं. कापडाला चीर द्यायची, कडेनं जाड दोरा धरायचा आणि त्यावर एकाला एक भिडवून टाके घालत जायचं. बोलणं मोजकं. मास्तर म्हणत, आमच्या बाईंचा शब्दसुद्धा टाक्यासारखा, एक वाया जायचा नाही.

धाकटी तिची जाऊ. थोरलीचा नवरा तरुणपणीच गेला, धाकटीचा या गोष्टीच्या चार वर्षं आधी. मूलबाळ दोघींनाही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भावांच्या मागे या दोघीच उरल्या. धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. बोलकी, तापट, आणि हसली की तळमजल्यापर्यंत ऐकू जाणारी. जावा-जावा उभा दावा म्हणतात. यांच्यात दावा नव्हता, त्याहून वाईट होतं. अबोला होता.

त्याला कारण होतं. धाकटीच्या नवऱ्याला पोचवून आले त्या दिवशी धाकटी जमिनीवर पडून आक्रोश करत होती आणि थोरली समोरच्या खुर्चीत बसून होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिनं पाणी आणून दिलं, अंथरूण घातलं, आल्यागेल्यांचं बघितलं, सगळं केलं. पण सख्खा दीर गेला आणि ही बाई भिंतीसारखी कोरी! धाकटीच्या मनात अढी बसली ती बसलीच. पुढे पुढे तर थोरली विनोदाला हसेना, बातमीला चमकेना, हाक मारली तर वळायलाही वेळ लावी. चालताना पाय फरफटत. धाकटीला वाटे, हा सगळा तोरा आहे. मग तिनंही तोंडाला कुलूप घातलं. कामापुरतं बोलायचं, तेही दाराकडे बघून.

एका दुपारी मास्तर जिना चढून घरी आले. थोरली दुकानातच होती. ते आधी पंख्याबद्दल बोलले, मग जिन्याच्या पायऱ्यांबद्दल, आणि मग खिशातून कापडाचा एक तुकडा काढून त्यांनी धाकटीपुढे ठेवला. त्यावर सहा काजं होती. पहिलं नेहमीसारखं, दुसरं जरा लहान, आणि सहाव्यातून शर्टाचं बटणही गेलं नसतं.

“वर्षभर चाललंय,” मास्तर म्हणाले. “मी गुपचूप उसवून बाहेरच्या कारागिराकडून परत करून घेतो. त्यांना बोलायचा मला धीर होत नाही. तुम्ही डॉक्टरांना दाखवा.”

धाकटी कुरकुरतच तिला घेऊन गेली. मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि शांत होत्या. त्यांनी थोरलीला अंगठा नि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, खुर्चीतून उठवलं, बाहेरच्या बोळातून चालवलं. उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा, हलतच नव्हता. तपासण्या झाल्यावर त्यांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. धाकटी म्हणाली, पण त्यात तर हात थरथरतो, यांचा कुठे थरथरतोय? सगळ्यांचा थरथरत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचं अंग नुसतं आखडत जातं. हालचाली लहान होत जातात. मग त्या धाकटीकडे वळल्या.

“चेहऱ्याचंही तेच होतं. मनात सगळं असतं, चेहऱ्यावर उमटत नाही. घरच्यांना वाटतं माणूस बदललं, तुसडं झालं. तुम्हाला असं काही जाणवलं होतं?”

धाकटीनं मान खाली घातली. परतताना बसमध्ये तिनं थोरलीला खिडकीची जागा दिली आणि उतरताना तिचा उजवा हात धरला.

गोळ्या सुरू झाल्या. दिवसातून चार वेळा, घड्याळाच्या ठोक्याला, जेवणाच्या अर्धा तास आधी. हात जरा मोकळा झाला, पण मळमळ सुरू झाली, अन्नावरची वासना गेली. धाकटीला ते बघवेना. इतक्या वर्षांची भरपाई तिला एका महिन्यात करायची होती. धुलाईखान्यातल्या एका बाईनं कुठल्याशा मुळांची पूड दिली आणि सांगितलं, ही घ्यायची तर त्या गोळ्या बंद करा, गोळ्यांनी मेंदू पोखरतो. बुडत्याला काडीचा आधार. धाकटीनं गोळ्यांची डबी कपाटात वर ठेवली. थोरलीनं एकदाच विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस का? धाकटी म्हणाली, सांगेन.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला कूस बदलता येईना. अंग लाकडासारखं, पाण्याचा घोट गिळता येईना, कपाळ तापलेलं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला खाली उतरवलं. रुग्णालयात पाच दिवस गेले. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरीणबाईंनी काहीच खात्रीनं सांगितलं नाही.

धाकटीनं पुडी पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून ती उभीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिला बसायला सांगितलं.

“मळमळतंय हे मला कळलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. यापुढे गोळी माझ्याशिवाय कुणी थांबवायची नाही, आणि दुसरं काहीही द्यायचं तर आधी मला विचारायचं. पण तुमचे हात रिकामे राहू नयेत असं तुम्हाला वाटतं ना? गोळीच्या जोडीला करण्यासारखं पुष्कळ आहे. ते मी नाही करू शकत, तुम्ही करू शकता.”

धाकटीनं ते शब्द गाठीला बांधले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, आजार हालचाल लहान करतो, आपण ती मुद्दाम मोठी करायची. पाऊल लांब टाकायचं, हात खांद्यापासून हलवायचा, आवाज पोटातून काढायचा. मग रोज सकाळी दोघी खालच्या रस्त्यावर चालू लागल्या. धाकटी मोठ्यानं मोजायची, “एक, दोन, एक, दोन,” आणि थोरली त्या ठेक्यावर पाऊल टाकायची. दारात पाय जमिनीला खिळला की ओढायचं नाही, थांबायचं, मोजायचं, मग निघायचं. दूध-अंड्यानं गोळी नीट लागू होत नाही, म्हणून ते गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायचं. दुपारची झोप आवरती घ्यायची. मळमळीवर डॉक्टरीणबाईंनी उपाय दिला, तीही ओसरली.

चादरी घडी करायचा व्यायाम मात्र धाकटीच्या डोक्यातून निघाला. दोघींनी दोन टोकं धरायची, हात पुरते फाकवायचे, ताणायचं, आणि चार मोठी पावलं टाकून एकमेकींकडे यायचं. घरात चादरी होत्या तीन. त्याच तीन रोज उलगडायच्या आणि रोज घडी व्हायच्या. थोरली एकदा म्हणाली, “अगं, यांना कधीतरी अंथरायचंही असतं.” तिचा चेहरा तसाच होता, पण हा विनोद आहे हे धाकटीला कळलं, आणि ती तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी हसली.

अशाच एका सकाळी, चादरीची टोकं हातात असताना, धाकटीनं विचारलं. इतके दिवस धीर होत नव्हता.

“जाऊबाई, हे गेले त्या दिवशी तुम्ही समोर बसला होतात. तेव्हाही हे दुखणं होतं का हो?”

थोरलीला उत्तर द्यायला वेळ लागला. आजारानं लागणारा वेळ किती आणि विचाराचा किती, कुणास ठाऊक.

“ते मला नाही सांगता येणार. मला वाटत होतं, मनातलं सगळ्यांना दिसतंय.”

धाकटीच्या हातून चादर सुटली. थोरलीनं आपलं टोक सोडलं नाही, ती तशीच उभी राहिली.

काजं पुन्हा जमली नाहीत. गोळी लागू असलेल्या दोन तासांत थोरलीनं महिनाभर प्रयत्न करून पाहिला. मग एके दिवशी तिनं सुया डबीत भरल्या, डबी मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाली, “आता मशीनवर करा.” मास्तरांनी स्टूल हलवलं नाही. ती आठवड्यातून तीनदा जाऊन तयार कपडे तपासू लागली, कुठे शिलाई सुटली, कुठे बटण सैल आहे. डोळे अजून पक्के होते.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आजार बरा होणारा नाही, तो सरकतोच आहे. गेल्या वर्षी थोरली न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं, तेव्हापासून ती काठी घेते. गोळ्या चाराच्या सहा झाल्या. आवाज इतका खाली गेला आहे की धाकटी जवळ जाऊन कान देते. दुकानही सुटलं. पण पाऊल अजून ती स्वतः टाकते, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, हे थोडं नाही.

दर गुरुवारी रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या सभागृहात या आजाराची दहा-बारा माणसं व्यायामाला जमतात. मोजायचं काम धाकटीकडे आहे, तिच्याइतका खणखणीत आवाज कुणाचाच नाही. नवं कुणी आलं की बरोबरच्या नातेवाइकाला ती आधी बाजूला घेते आणि चेहऱ्याबद्दल सांगते. मग खुर्च्या गोल लावल्या जातात, थोरली पहिल्या खुर्चीत बसते, हात खांद्यापासून उचलते, आणि धाकटी एकपासून सुरुवात करते.