वाटीभर शिरा

मी भित्री बाई. अंगावर पाल पडली तर चार दिवस झोप लागत नाही. त्यामुळे पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझी देवीवर श्रद्धा होती की नुसतीच भीती, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. डोणगावला आमचा भाजीचा मळा. तीन बाळंतपणांनंतर माझं अंग सुटत गेलं आणि बेंबीपाशी आतडं बाहेर येऊन लिंबाएवढी गाठ झाली. ती अडकली की मी गुरासारखी ओरडायची. पहिल्या डॉक्टरनं सगळ्यांदेखत सांगितलं, "आधी अर्धी होऊन ये." अर्धी काही झाले नाही, लाजेनं वर्षभर दवाखान्याची पायरी मात्र चढले नाही.

मग बुलढाण्याच्या एका डॉक्टरांचं कळलं. इतरांनी परत पाठवलेल्या जाड माणसांना ते हाती घेत, आधी वजन उतरवत आणि मगच ऑपरेशन करत. त्यांचा काटा पडद्याआड होता. आकडा ते कागदावर लिहीत, तोंडानं कधी बोलत नसत. माझे मंगळवार, शुक्रवार, एकादशी ऐकून म्हणाले, "उपास करा बाई, पण उपासाचं खाऊ नका." साबुदाण्यावर पोसलेली मी, मला हसूच आलं. सहा महिने दर महिन्याला जात राहिले. कधी वजन उतरायचं, कधी तिथंच थांबायचं. ते एकदाही रागावले नाहीत. शेवटी म्हणाले, "आता भूल झेपंल तुमाले."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तीन लेकरांची तोंडं डोळ्यांसमोरून हलेनात. सोबत थोरल्या नणंदबाई होत्या. त्यांनी घरून देवीचा टाक आणला होता. खोलीत स्टोव्हवर शिरा करून त्यांनी त्याला नैवेद्य दाखवला आणि वाटी माझ्यापुढं धरली. "खाय बाई. देवीले नाही म्हनू नये." रात्रीपासून काही खायचं नाही असं सांगितलेलं होतं, पण आज नाही म्हटलं आणि देवी कोपली तर? मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. थोड्या वेळानं नर्स विचारायला आली, "काही खाल्लं-प्यालं नाही न?" मी बेधडक नाही म्हटलं. खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. प्रसादाला कुणी खाणं म्हणतं का!

टेबलावर झोपवलं. ईथरच्या उग्र वासानं जीव घाबरा झाला. भुलीची जाळी तोंडावर येणार, तेवढ्यात डॉक्टर वाकून म्हणाले, "बाई, सकाळी देवाचं काही घेतलं काय?"

"हो जी. शिरा. वाटीभर."

"मंग नर्सले नाही काऊन सांगतलं?"

"तो परसाद होता न जी."

त्यांनी हातमोजे काढले. आता ओरडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते स्टूल ओढून माझ्या उशाशी बसले. "उद्या करू," म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की डॉक्टरकीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावी, माझ्यासारखीच एक जड अंगाची बाई 'काही खाल्लं नाही' म्हणाली होती. भुलीत तिला उलटी झाली, ती श्वासनळीत गेली आणि बाई टेबलावरच गेली. तिनं प्रसाद घेतला होता, हे नंतर घरच्यांकडून कळलं.

"ते खोटं नव्हती बोलली," डॉक्टर म्हणाले. "माहं विचारणंच चुकलं होतं. तवापासून मी असं विचारतो."

मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. त्या सकाळी नणंदबाईंनी शिरा केला नाही, नुसते हात जोडले.

देवीनं मला वाचवलं असं मी म्हणते, कुणी हसलं तर हसो. पण तो प्रश्न तिनं डॉक्टरांच्या तोंडी कुणाच्या मरणातून घातला, हेही मी विसरत नाही. घाबरून वाटी रिकामी केली त्याला मी शरण जाणं समजत होते. खरी शरण गेले ती विचारल्यावर खरं सांगितलं तेव्हा.

त्या बाईचं नाव डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचीही लेकरं असतील. रोज देवीपुढं दिवा लावताना मी दोन वाती घालते. दुसरी तिची.