मोहनच्या कॉम्प्युटरचा पंखा

मोहन गेल्याचा फोन आला तो मुक्ताचा, त्याच्या मुलीचा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. हातातला चहा ओट्यावर तसाच ठेवून मी मुलुंडहून नाहूरला त्याच्या घरी गेलो. दाराशी चपलांचा ढीग, बाहेरच्या खोलीत कुजबुजणारी माणसं, आणि भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या शुभदावहिनी. शेवटी मोहन आयसीयूत होता. आत कुणाला सोडत नव्हते, त्यामुळे तो गेला तेव्हा त्याच्याजवळ आपलं असं कुणीच नव्हतं. मी वहिनींसमोर बसलो... आणि त्या कुजबुजीतही आतल्या खोलीतून पंख्याचा घूंघूं आवाज ऐकू आला. मोहनचा कॉम्प्युटर चालूच होता.

मोहन आणि मी मरोळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. शेजारीशेजारी बोर्डांवर वाकून दोघांच्याही पाठीचे काटे ढिले झाले. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरतात, नातवंडं सांभाळतात. या गड्याने चांगला दणकट कॉम्प्युटर घेतला आणि तो शास्त्रज्ञांना वापरायला देऊन टाकला. म्हणजे असं, की एखाद्या औषधामागचं गणित इतकं अवाढव्य असतं की ते एका यंत्राच्या आवाक्यातलं नसतं. मग त्याचे बारीक तुकडे करून इंटरनेटवरून जगभरच्या घरोघरी पाठवतात. आपण पेपर वाचत असू, जेवत असू, नाहीतर डुलक्या काढत असू. आपला कॉम्प्युटर मागच्या मागे वाट्याला आलेला तुकडा सोडवतो, उत्तर पाठवतो आणि पुढचा तुकडा स्वतःच मागून घेतो. सक्ती कुणाची नाही, सगळा खुशीचा मामला. मला हे सगळं रिकामटेकड्याचे उद्योग वाटायचे आणि मी तसं तोंडावर म्हणायचोही.

"अरे, तुझ्या या उत्तरांचं पुढे होतं काय? औषध निघालं का एखादं? कोणी सांगतं तुला?"

"मरोळला गिअरबॉक्सच्या झाकणांची ड्रॉइंगं केलीस ना इतकी वर्षं? ती झाकणं बसलेलं एक तरी मशीन पाहिलंस?"

"नाही."

"मग? माप बरोबर होतं ना! पुरे की यार तेवढं."

यावर मी दुसरा चहा मागायचो. वहिनींचा मात्र त्या यंत्रावर राग होता. खोलीत उकाडा, दिवसरात्र आवाज, आणि केर काढताना वायरीला धक्का लागला की नवऱ्याचा आरडाओरडा. "घरात सवत आणून ठेवलीय ह्यांनी," असं त्या माझ्यादेखत म्हणायच्या आणि मोहन खुशीत हसायचा. एका दसऱ्याला तर कमाल झाली. घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायची वहिनींची पद्धत. मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन ओळीने पुसून मांडलेलं. कॉम्प्युटर मात्र मोहन बंद करू देईना. "चालू असतानाच कर ना पूजा. देवाला काय फरक पडतो?" वहिनींनी मग चिडून जरा सढळ हातानेच अक्षता टाकल्या. कॉम्प्युटरच्या डब्याला वरच्या बाजूने हवेसाठी जाळी होती, तिच्यातून तांदूळ सरळ आत गेले आणि पंखा जो खडखडायला लागला... मी सोनं द्यायला पोचलो तर स्वारी नव्या कपड्यांत जमिनीवर फतकल मारून बसलेली, डबा उघडा, आणि चिमट्याने एकेक दाणा वेचणं चाललेलं. शेजारी वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. सगळं वेचलं, तरी एक दाणा कुठेतरी अडकून राहिलाच. पंखा जोरात असला की त्याचा पत्ता नसे. पंखा मंदावला की तो टिकटिकायचा. मोहनने पुन्हा डबा उघडला नाही. "राहू दे, शुभाने टाकलेला आहे," म्हणाला.

हॉस्पिटलात गेला तेव्हा सुरुवातीचे काही दिवस तो वॉर्डात होता. तिथून वहिनींना फोन करायचा आणि तब्येतीचं राहिलं बाजूला, आधी विचारायचा, "चालू आहे ना? लाव बघू फोन तिकडे." वहिनी डब्याजवळ फोन धरायच्या. तो थोडा वेळ ऐकायचा आणि "हां, झकास," म्हणून ठेवून द्यायचा. मग त्याला आयसीयूत हलवलं आणि फोन थांबले.

तो गेल्यावर बाहेरच्या खोलीत त्याच्या नावाचा दिवा तेवत होता आणि आत हे यंत्र. कुणीतरी म्हणालं, आता ते बंद करा, उगाच तापतंय. वहिनी फक्त "असू दे," म्हणाल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, दिवाही शांत झाला. मुक्ता आईला मालाडला आपल्याकडे नेणार होती, घर बंद होणार होतं. तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतलं. इतक्या दिवसांत त्या रडल्या नव्हत्या आणि मुक्ताला त्याचीच काळजी लागली होती.

"भावजी, ह्यांनी हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही मला. पुरं झालं की बंद करू म्हणून मी रोज इथे बघत बसते. ते संपतं, आणि लगेच नवीन येतं हो. हे संपणार कधी?"

मोहनने मला ते सगळं एकदा दाखवलं होतं, मी तोंड वाकडं करून पाहिलंही होतं. हातातलं काम पूर्ण करा, नवीन घेऊ नका आणि मग आपोआप बंद व्हा, असं सांगायची सोय त्यात होती. मी तिथे बोट नेलं, पण दाबवेना. मोहनच्या वतीने "आता पुरे" असं म्हणणारा मी कोण? वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या. "दाबा," म्हणाल्या. "त्यांनाही कधीतरी सुट्टी हवी." मी दाबलं आणि त्यांच्याकडे न बघताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी "बोला वहिनी," म्हणालो. कानात नुसता पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी फोन डब्याजवळ धरला होता... मोहनसाठी धरायच्या तसाच. मी ऐकत राहिलो. हळूहळू आवाज उतरत गेला. पंखा मंदावला, आणि तो अडकलेला दाणा टिकटिकायला लागला, थोडा वेळ, मग अडखळत, मग तोही थांबला.

"गेले हो, भावजी," वहिनी म्हणाल्या. "या वेळी मी जवळ होते."

आणि त्या रडायला लागल्या. मी फोन कानाशी तसाच धरून बसलो.