समिंदराची वटी

आज सुनेनं लोणच्याची लिंबं चिरली आणि त्या वासानं मला घरात बसवेना. सकाळपासून ओसरीवर नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

लढाईच्या काळात आम्ही मावळातली पोरं पलटणीबरोबर मिसर देशातून बोटीनं इटलीला निघालो होतो. सात दिवसांचा समुद्र. "सवाशिणीच्या हातनं समिंदराची वटी भरून घे, मगच फुडं जा," म्हणत घरून निघतानाच आईनं आमच्या गुंजवण्याचे मूठभर तांदूळ फडक्यात बांधून दिले होते. देश सोडताना घाईत ते राहूनच गेलं होतं. आता वाटेतल्या बंदरात दोन तास मोकळीक मिळाली. बाकीचे बाजारात गेले. मी एकट्यानंच नारळ शोधत गल्ल्या पालथ्या घातल्या. नारळ कसला मिळतोय! शेवटी लिंबं विकणाऱ्या एका बाईपुढे तांदूळ धरले आणि समुद्राकडे बोट दाखवलं. तिचा पायघोळ काळा पोशाख मला संक्रांतीला सवाशिणी नेसतात त्या चंद्रकळेसारखाच वाटला. तिनं तांदळांवर एक लिंबू ठेवलं आणि धक्क्यावरून सगळं हलकेच पाण्यात सोडलं. तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली असेल?

बोटीवर कामथडीचा श्रीपती भेटला. तो त्या मुलखात आधी राहून आलेला. म्हणाला, "येड्या, हितं काळं कापड विधवा घालत्यात!"

उरलेले दिवस मी कठडा सोडला नाही. प्रत्येक लाट माझ्याच नावानं येतेय असं वाटायचं.

दोन वर्षांनी धडधाकट घरी आलो आणि भीत भीत आईला सगळं सांगितलं. तिनं कुंकू नसलेल्या आपल्या कपाळाला हात लावला.

"आन् तांदूळ कुनी बांदून दिलं हुतं रं?"