मामाचा काळा चष्मा

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी वीस वर्षं फळमाश्यांचे डोळे तपासते आहे. जनुकात बदल करायचा आणि डोळा कुठे बिघडतो ते पाहायचं. माश्यांच्या बाटल्यांना आंबूस वास येतो. जळगाव जामोदला माहेरी हे सांगितलं की सगळे नाक मुरडतात. मला त्या वासाची किळस कधी आली नाही. ती आली पिंपळगाव राजाला, मामाच्या लख्ख पुसलेल्या फरशीवर बसून.

मामेभावाची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदाच नव्हता, नुसता काळा गोल. उन्हात आली की दोन्ही हातांनी डोळे झाकायची. डॉक्टरांनी जनुक तपासून घेतलं होतं. ते ठीक निघालं आणि घरच्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला.

"पोटुशी असून गिऱ्हान लागल्यावर वांगे चिरले हिनं," मामी म्हणाली. "नको चिरू म्हटलं होतं. आता भोगून राह्यलं माह्या पोराचं लेकरू."

सून तिथेच भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. चार वर्षांत तिला कोणाच्या डोहाळजेवणाला नेलं नव्हतं.

जनुक चांगलं असूनही डोळा बिघडतो, हे तर माझं रोजचं काम. दिवा धड असतो, पण तो लावायचं बटण डीएनएत बरंच दूर असतं आणि नेमकं तेच तुटलेलं असतं. मी सगळं समजावून, सह्या घेऊन मुलीचं आणि आईबापाचं रक्त नेलं. मामाने मात्र टाळलं. "मले सुईचं भेव वाटते," म्हणाला.

काही महिन्यांनी निकाल आला. मुलीच्या डीएनएतला तो बटणाचा तुकडाच गळून गेला होता. बापाच्याही. त्याच्या बाहुल्या किंचित लांबट होत्या, तेवढ्यावर निभावलं होतं. आईचं सगळं जागच्या जागी. ते पाहून मी चक्क टाळी वाजवली, कारण डोक्यात पहिला आला तो शोधनिबंध. त्या टाळीची मला अजून शिसारी येते.

निकालाचा कागद घेऊन मी पुन्हा पिंपळगावला गेले. आईबापाला आत बसवून आधी त्यांनाच सांगितलं. मामेभावाने बाहेर येऊन तेच मामा-मामीला सांगितलं. मामा नेहमीप्रमाणे घरातही काळा चष्मा लावून होता. लहानपणी मला तो फार रुबाबदार वाटायचा.

"मामा, चष्मा काढ जरा," मी म्हणाले.

त्याने काढला नाही. मामीच बोलली, "कायले काढायले लावते? ह्यायचे बी डोळे तसेच हायेत. मले लग्नापासून माहीत हाये."

"मग सुनेला चार वर्षं वांग्यांचं काऊन ऐकवलं?"

"घराण्याचं काय चावडीवर सांगू? अजून एक पोरगी लग्नाची हाये."

"कागद घरातच राहू दे," मामा म्हणाला. "तू आपलीच ना?"

समोरच्या चहावर साय धरली होती, ती पाहवेना. मामाचे डोळे तसे होते यात त्याचा काय दोष? पण सुनेच्या माथी मारून ही माणसं रोज पोटभर जेवत होती. आणि मामेभाऊ बायकोसाठी एक शब्द न बोलता फरशीकडे पाहत होता.

सून हात पुसत आली. "ताई, म्हणजे माह्याकडून काहीच नाई?"

"काहीच नाही."

"कागदावर तसं लिहेल हाये?"

"आहे."

"मंग मले द्या."

मी तो तिच्या हातात दिला. तिने तो जानेफळला, माहेरी नेऊन बापाला वाचून दाखवला. आठ दिवसांनी परतली. आता डोळ्यांचा दाब तपासायला मुलीला खामगावला तीच घेऊन जाते, कोणाला न विचारता. मामी तिच्याशीही बोलत नाही आणि माझ्याशीही.

निबंधासाठी लागणारी परवानगी मामेभावाने नाकारली. आमचे वरिष्ठ हळहळले. "अहो, समजवा की त्याला. इतकं सुंदर कुटुंब पुन्हा मिळायचं नाही."

सुंदर! मी त्यांच्या खोलीतून उठून आले. समजवायला गेले नाही.