जिनिंगवाल्याची फ्रेंच हवेली

राळेगाव रस्त्यावरच्या, कापसातून सरकी काढायची गिरणी असलेल्या जिनिंगवाल्या शेठनं फ्रान्सच्या सहलीत खेड्यातल्या जमीनदाराची एक जुनी हवेली पाहिली आणि फोटो दाखवून तशीच आपल्या वावरात उठवली. बर्फ घसरून पडावा म्हणून तिकडे असतं तसं उभ्या उताराचं छप्पर, धुराडं, कोपऱ्यात गोल बुरूज. बर्फ आमच्याकडे कुठला! शेकोटीच्या कोनाड्यात देव बसले आणि बुरुजात पाण्याची टाकी.

वास्तुशांतीला त्याच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांनाही आवतण होतं. माझी आई ठेवणीतलं लुगडं नेसून मला घेऊन गेली. समोरच्या पायऱ्यांवर शेठनं तिला अडवलं. "तू मागून ये वं." गावातल्या बाया समोरून आत गेल्या. आम्ही बौद्ध वस्तीतले. आम्हाला शेणाच्या खड्ड्याजवळच्या बुटक्या दारानं वाकून जावं लागलं. आई जेवली. मी माझं पान तसंच सरकवून दिलं. या माणसाला याच दारात वाकवीन, हे मी तेव्हाच ठरवलं.

शिकून आर्किटेक्ट झाले. कॉलेजात वाचलं, की तिकडे तसल्या बुरुजात कबुतरं असत. ती पाळायचा हक्क मालकाचा, चरायला शेतं कुळांची, आणि कबूतर मारलं तर शिक्षाही कुळालाच. म्हणजे शेठनं नक्कल अगदी योग्य घराची केली होती.

पुढे कापसाचे भाव पडले, जिनिंग बंद पडलं. हवेलीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे दक्षिणेला. फोटोत दिशा कुठे दिसते! वास्तुवाल्यानं सगळं खापर त्या दारावर फोडलं. शेठनं ते विटांनी बुजवलं आणि मागच्या, उत्तरेच्या दाराचं काम करायला मला बोलावलं. मी कुणाची कोण, त्याला ठाऊक नव्हतं.

उत्तरेला होतं ते बुटकं दार.

"हे उंच नाही करता येत काय?" त्यानं विचारलं.

"वर बीम आहे. हात लावला तर भिंत जाईल," मी म्हटलं. साफ खोटं. जीभ जराही अडखळली नाही.

काम संपल्यावर पाहायला गेले. शेठ वाकून बाहेर आला, तरी कपाळ आपटलंच. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग मात्र मला राहवलं नाही. आई कोण, वास्तुशांतीला तिला कसं अडवलं, सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं.

तो कपाळ चोळत आठवत राहिला. "मागून तं लय जणी येत, मॅडम. तुमची माय कोनती होती त्यातली?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. परत येताना गाडीत माझ्या मनात एकच होतं: चौकट अजून वीतभर खाली घ्यायला हवी होती.