शाईतला मासा

जनू गेल्याचं मला त्याच्या मुलाच्या फोनवरून कळलं. "बाबा गेले, काका," एवढंच तो बोलू शकला. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून हे लिहायला बसतो, दोन ओळी लिहितो आणि उठून गॅलरीत येरझारा घालतो. बायको म्हणते, "अहो, बसा की एका जागी." बसवत नाही...

आम्ही दोघं तारापूरजवळच्या एकाच कोळीवाड्यातले, भिंतीला भिंत लावून वाढलेले. साठच्या दशकात तिथं अणुकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि मॅट्रिक झालेल्या आम्हा सगळ्यांना तिथं नोकरी हवी होती. जनू माझ्याहून हुशार. होडीचं इंजिन नुसतं ऐकून त्यात काय बिघडलंय ते सांगायचा. हात तर असा, की घोळ माशाला पाठीतून चिरलं की दोन्ही बाजू अगदी सारख्या उघडायच्या, मीठ चोळून उन्हात टाकायला तयार. वाड्यातल्या बायकासुद्धा मोठा मासा आला की त्यालाच हाक मारायच्या.

एका ठेकेदार कंपनीनं बोईसरला भाड्याच्या खोलीत मुलाखती घेतल्या. यंत्रावरच्या माणसांचा स्वभाव पारखायला मानसशास्त्राचे एक साहेब मुंबईहून आले होते. माणूस भला, आधी चहा विचारला. मग पुठ्ठ्यावरचे शाईचे डाग पुढं ठेवले. कागद मधोमध दुमडून उमटवलेले, दोन्हीकडं सारखे. म्हणाले, "जे दिसेल ते सांगा." पहिल्याच डागात मला चिरून वाळत घातलेला मासा दिसला. कोळ्याच्या पोराला दुसरं काय दिसणार! पण मी त्या दिवशी उसना इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सुक्या मासळीच्या वासाची नुकतीच लाज वाटू लागली होती. मी म्हणालो, "फुलपाखरू." साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं. माझ्यानंतर जनू आत गेला.

मला नोकरी लागली, त्याला नाही. पुढं कचेरीतल्या एका कारकुनानं जनूवरचा शेरा मला सांगितला: याला जिथं तिथं चिरलेलं, फाडलेलं दिसतं, स्वभाव हिंसक, यंत्राजवळ नको. मी तो जसाच्या तसा जनूला सांगितला. का सांगितला? शहाणपण मिरवायला, दुसरं काय! तो आधी हसला. मग म्हणाला, "तुला काय दिसलेलं रे?"

"फुलपाखरू."

"मला नाय दिसलं." तो वाळूत रेघा ओढू लागला. "शिकलेला मानूस उगाच कशाला लिवेल? माज्यातच कायतरी हाय."

एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. तेव्हा नोकरी जाईल ही भीती होती, आणि नंतर... नंतर नुसतीच वर्षं गेली.

त्यानंतर जनूचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. थोरल्या भावानं होडी बळकावली तेव्हाही तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. मीही म्हणायचो.

बाराव्याला गेलो तेव्हा पडवीच्या वाशात खोचलेली त्याची सुरी दिसली, पार गंजलेली. हिरावहिनी म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवापासून तितंच हाय. मासा मीच चिरते. त्यांनी कदी हातात घेतली नाय. म्हनायचे, माजा भरवसा नाय."

मी तिथंच पडवीत बसलो आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. मलाही मासाच दिसला होता, हेसुद्धा. वहिनी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वळून सुरीकडं बघू लागल्या. मग म्हणाल्या, "एकदा तरी सांगायचं होतंत, भावोजी. आयुष्यभर सोताला घाबरून ऱ्हायले ते."

ती सुरी काढावी, घासून पुसून लख्ख करावी असं फार वाटलं. उठून हात वर केला. पोचला नाही. जनू माझ्याहून वीतभर उंच होता.