पाऊण मिनिटाचा अभिप्राय

भोरात कुणाला कशाबद्दल मत हवं असलं की लोक वाचनालयातल्या इंद्रजितकडे जातात, आणि नको असलं तरी ते मिळतंच. लग्नपत्रिकेतला मजकूर असो, नव्या हॉटेलातली मिसळ असो, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगमधलं गाणं, हा गडी मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून एक वाक्य टाकणार आणि समोरचा गप्प होणार. बावीस वर्षं वाचनालयात क्लार्क. पेटीच्या दोन परीक्षा पास. तिसरीचं काय झालं ते तो सांगत नाही आणि आपणही विचारू नये. गावोगावच्या भजन स्पर्धांना परीक्षक म्हणून त्याला बोलावतात. फेटा बांधतात, नारळ देतात. माणूस वाईट नाही हो. पण आपल्याला कळतं हे एकदा डोक्यात शिरलं की ते काय लवकर बाहेर पडतंय!

गेल्या वर्षी पुण्याहून तीन पोरं वाचनालयात आली. त्यांचा रॉक बँड होता, नाव 'तिसरा गिअर'. गावाकडचं वाजवणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. इंद्रजितने चहा मागवला आणि तासभर त्यांना रागदारी समजावली. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "काका, इथं बेंजो पार्टी कुणाची आहे?"

इंद्रजितने नाइलाजाने नाव सांगितलं, उत्रोलीचे साहेबराव तात्या. साठी ओलांडलेला माणूस. एरवी भातशेती, आणि लग्नसराईत वरातीपुढे बेंजो, तो टाइपरायटरसारख्या बटणांचा. पोरं तडक उत्रोलीला गेली. कपबशा गोळा करताना इंद्रजितला भयंकर झोंबलं.

सहा महिन्यांनी त्यांचा अल्बम आला, 'खाचर'. नऊ गाणी, आणि एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. एकात गिटारींचा नुसता दंगा, एक अंगाईसारखं मऊ, काहींना अमेरिकेतल्या गावरान गाण्यांची चाल, आणि त्यात बेंजो दुडक्या चालीच्या बैलासारखा पळणारा. अर्थात हे इंद्रजितला तेव्हा ठाऊकच नव्हतं. त्याने मोबाईलवर पहिलं गाणं लावलं, तात्यांच्या बेंजोचा पहिला झणका ऐकला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पाऊण मिनिटात बंद. मग 'सुरसाधक' असं नाव घेऊन त्याने गाण्याखाली चांगला पंधरा ओळींचा अभिप्राय ठोकला. लोकांना तो फार आवडला. साडेतीनशे लाईक आले. आठवडाभर हा गालातल्या गालात हसत होता.

आणि मग एका दुपारी साहेबराव तात्या स्वतः वाचनालयात आले.

"रामराम, इंद्रजितराव. जरा काम व्हतं." तात्यांनी मोबाईल पुढे केला. "पोरांचा पुण्यात मोठा कार्यक्रम हाय. मला या म्हंत्यात. पन हजारभर मानसं यायची, म्या वरातीतला गडी. लोकांनी ह्यात काय काय लिवलंय म्हनं. आपली दुसरी यत्ता, त्यात ही मुंगीएवढाली अक्षरं. तुमी वाचा. लोकांस्नी बरं वाटलं असंल तर जातो, न्हाईतर ऱ्हायलं."

सगळ्यात वर आपलाच अभिप्राय आहे हे इंद्रजितने पाहिलं. त्याने खालून सुरुवात केली. 'बेंजो ऐकून आजोळ आठवलं.' 'काय वाजवलंय राव, कडक!' एका बाईने लिहिलं होतं की तिचं तान्हं बाळ सातव्या गाण्यावरच झोपतं. तात्या लहान पोरासारखे हसत होते.

"आता सगळ्यात वरचं वाचा," तात्या म्हणाले. "जास्त लोकांस्नी पटलेलं वर असतंय म्हनं."

"छान आहे, असं म्हटलंय."

"एवढं लांबडं लिवलंय की! बैजवार वाचा. वाईट असलं तरी चालंल. वरातीत लोक तोंडावर शिव्या देत्यात, सवय हाय आपल्याला."

काय करतो बिचारा? वाचू लागला. 'वरातीचा बेंजो उचलून गिटारीशेजारी बसवला म्हणजे संगीत होत नाही. वादकाला सुराचं भान नाही. नऊच्या नऊ गाण्यांत तोच कर्कशपणा कानाला ओरबाडतो.' आणि सांगायला लाज वाटते, पण वाचता वाचता त्याचा आवाज चढला. आपलंच वाक्य त्याला पुन्हा आवडलं! ते ध्यानात आलं तसा तो चपापला आणि थांबला.

तात्यांचं हसू कधीच मावळलं होतं.

"नऊच्या नऊ?" ते हळूच म्हणाले. "म्या तर चारातच वाजवलंय. बाकीच्या पाचात माझा हातबी न्हाई. म्हंजे माझ्यापायी पोरांची ती पाचबी नासली व्हय? जानकार दिसतोय मानूस. पोरांस्नी फोन लावून द्या इंद्रजितराव. येत न्हाई म्हून सांगतो. त्यांच्या मोठ्या कार्यक्रमाची माती कशाला करू?"

त्या माणसाने खोटं पकडलं नव्हतं हो, ते खरं मानून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. इंद्रजितला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. फोन लावून दिला असता तर कुणाला काही कळलंही नसतं, आणि क्षणभर त्याचं बोट तिकडे गेलंसुद्धा.

"तात्या, ते मी लिहिलंय," तो म्हणाला.

"तुमी?"

"हो. खोटं नाव घेऊन. आणि ती गाणी मी पुरती ऐकलेलीच नाहीत."

"किती ऐकलं?"

"पाऊण मिनिट."

तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तरी इंद्रजितने त्या घेतल्या असत्या. पण त्यांनी मोबाईल उचलून रुमालात गुंडाळला आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"तात्या, तुम्ही पुण्याला जा. तुमचा हात चांगला आहे."

"ह्येबी न ऐकताच म्हनताय न्हवं?" तात्या म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

त्या संध्याकाळी इंद्रजितने बायकोला, सुलक्षणाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शोभलं का हो तुम्हाला हे?" आणि आत निघून गेली. मग तो एकटा बसून नऊच्या नऊ गाणी ओळीने ऐकत राहिला. सातव्यात तात्यांचा बेंजो इतका हळू आणि इतका सुरात वाजत होता की त्याला मान वर करवेना. त्याने जुना अभिप्राय काढून टाकला आणि नवा लिहिला. स्वतःच्या नावाने, भोर असं गाव घालून. न ऐकता लिहिलं होतं, चूक झाली, हेही लिहिलं. पंधरा ओळी लिहायला त्याला तीन तास लागले.

तात्या पुण्याला गेले आणि वाजवून आले, कार्यक्रम दणक्यात झाला, असं त्याला लोकांकडून कळलं. त्यानंतरच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ते वाचनालयावरून चालले होते. इंद्रजित खुर्चीतून अर्धा उठला. त्याला वाटलं, वर येतील, मोबाईल पुढे करतील.

"रामराम," तात्या नेहमीसारखंच म्हणाले आणि पुढे गेले. समोरच्या चहाच्या टपरीवर कॉलेज करून आईला हातभार लावणारी वैष्णवी बसली होती. तात्यांनी तिच्या हातात मोबाईल दिला आणि बाकड्यावर मांडी घातली.

वैष्णवीचा आवाज खणखणीत. खिडकीत बसल्या जागी इंद्रजितला शब्द न् शब्द ऐकू येत होता. कुणी लिहिलं होतं, अंगावर काटा आला. कुणी लिहिलं होतं, पुढच्या वेळी आजोबांना जास्त गाणी द्या.

"हे एक मोठ्ठं आहे," वैष्णवी म्हणाली. "तात्या, हे तर आपल्या भोरातलंच! इंद्रजित काकांचं. वाचू?"

तात्यांनी बशीतला चहा फुंकला.

"ते ऱ्हाऊ दे, बाळ. फुडचं वाच."